रस्ता सर्वांचा, झडती कुणाची? अमेरिकेतील वाहन तपासणीचा इतिहास आणि आपण

"पोलिसाने गाडी थांबवली तर त्यात काय एवढे? कागदपत्रे दाखवा आणि पुढे जा. चूक नसेल तर घाबरता कशाला?" हा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. तो करणाऱ्या माणसाला बहुधा कधी कुणी गाडीवरून उतरवून, चारचौघांत खिसे उलटे करायला लावलेले नसते. आपला अनुभव हाच सर्वांचा अनुभव, असे समजण्याची सवय प्रस्थापितांना असतेच. इतिहास मात्र वेगळे सांगतो. रस्त्यावर माणसाला थांबवण्याचा अधिकार हा कायद्याने सर्वांसाठी सारखा लिहिलेला आणि समाजाने काहींवरच वापरलेला अधिकार आहे. हे सर्वात स्पष्ट दिसते ते अमेरिकेत. म्हणून हा इतिहास आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी नीट वाचला पाहिजे. तिथल्या काळ्या माणसांचे दुःख आपल्यासारखे आहे एवढेच त्याचे कारण नाही. ते दुःख खरे आहे हे त्यांनी सिद्ध कसे केले, ते शिकण्यासारखे आहे.

चिठ्ठी मागणारी गस्त

या कथेची सुरुवात मोटारीपासून होत नाही. ती गुलामगिरीपासून होते. १७०४ साली कॅरोलिना वसाहतीत गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या गस्तपथकांचा कायदा झाला. गोऱ्या पुरुषांची ही पथके रस्त्यांवर फिरत. मळ्याबाहेर दिसलेल्या काळ्या माणसाला थांबवायचे आणि मालकाने दिलेली चिठ्ठी मागायची, हे त्यांचे काम. या चिठ्ठीला कायद्यात 'तिकीट' म्हटलेले होते. चिठ्ठी नसेल तर चाबूक. पुढे दक्षिणेकडच्या इतर वसाहतींतही अशी पथके उभी राहिली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या माणसाने काही केले आहे का, हा प्रश्न पथकाला पडतच नव्हता. तो रस्त्यावर आहे, एवढेच संशयाला पुरेसे होते. गोऱ्या माणसासाठी रस्ता ही वहिवाट होती आणि काळ्या माणसासाठी ती सवलत होती. आपल्याकडच्या गावगाड्यात कोणत्या रस्त्याने कुणी जायचे, कुणाची सावली कुणावर पडू द्यायची नाही, हे ठरवणारी मनोवृत्ती याच जातकुळीची.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पण त्याच वर्षी मिसिसिपीसारख्या राज्यांनी नवे कायदे केले. कामधंद्याचा पुरावा नसलेला काळा माणूस 'भटका' ठरवून पकडता येऊ लागला. दंड भरता आला नाही तर त्याची मजुरी दुसऱ्याला विकता येऊ लागली. मालकाची चिठ्ठी गेली, तिच्या जागी नोकरीचा कागद आला. रस्त्यावर थांबवणारा हात तोच राहिला.

मोटार आली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटार सामान्य अमेरिकनाच्या आवाक्यात आली. काळ्या कुटुंबांसाठी तिचे महत्त्व निव्वळ सोयीचे नव्हते. रेल्वे आणि बसमध्ये त्यांना वेगळे बसवले जाई, अपमान सोसावा लागे. स्वतःच्या गाडीत तो अपमान नव्हता. पण गाडी थांबवावी लागतेच. पेट्रोल, जेवण, मुक्काम यांसाठी कुठे थांबणे सुरक्षित आहे, हे सांगणारी मार्गदर्शिका काढण्याची वेळ न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्यावर आली. १९३६ पासून सुमारे तीस वर्षे हे 'ग्रीन बुक' निघत होते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्येच कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथून परतलेल्या या उच्चविद्याविभूषित माणसाला पुढे १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी टांग्यात न्यायला नकार दिला. ज्याला टांगा हाकण्याचा सराव नाही अशा आपल्याच माणसाने तो हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेब जखमी झाले. वाहन बदलले म्हणून रस्त्यावरची जात किंवा वर्ण बदलत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मोटारीने पोलिसांच्या अधिकारातही मोठा बदल केला. अमेरिकेच्या संविधानातील चौथी दुरुस्ती नागरिकाला विनाकारण झडतीपासून संरक्षण देते. पण दारूबंदीच्या काळात, १९२५ साली, कॅरोल खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सबळ संशय असेल तर मोटारीची झडती वॉरंटशिवाय घेता येईल. कारण वॉरंट येईपर्यंत गाडी निघून जाते. सारा सीओ या इतिहासकाराने 'पोलिसिंग द ओपन रोड' या २०१९ च्या ग्रंथात दाखवले आहे की मोटारीमुळे प्रत्येक नागरिक रोज कोणता ना कोणता नियम मोडू लागला आणि म्हणून पोलिसाला प्रचंड विवेकाधिकार द्यावा लागला. सगळेच नियम मोडतात, पण सगळ्यांना थांबवता येत नाही. मग कुणाला थांबवायचे? ते पोलीस ठरवणार. खरी गोम इथे आहे. जिथे निवड करण्याची मोकळीक असते, तिथे समाजात आधीपासून पडलेल्या चाकोरीतूनच ती निवड होते.

वॉट्स ते ओकलंड, ओकलंड ते मुंबई

११ ऑगस्ट १९६५. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागाजवळ मार्केट फ्राय या एकवीस वर्षांच्या काळ्या तरुणाची गाडी महामार्ग पोलिसांनी दारू पिऊन चालवल्याच्या संशयावरून थांबवली. बाचाबाची झाली, आई धावून आली, बळ वापरले गेले, गर्दी जमली. पुढचे सहा दिवस तो भाग पेटला आणि ३४ माणसे मेली. एका वाहन तपासणीवरून एवढे कसे झाले, असे गोऱ्या अमेरिकेने विचारले. ते एका तपासणीवरून झालेच नव्हते. त्या दिवसाआधीच्या हजारो तपासण्या त्या गर्दीच्या मनात साठलेल्या होत्या.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली. त्यांचे पहिले गाजलेले काम कोणते? पोलिसांवर गस्त. पोलिसांनी काळ्या माणसाची गाडी थांबवली की पँथर तिथे जात, कायद्याने ठरलेल्या अंतरावर उभे राहत आणि थांबवलेल्या माणसाला त्याचे हक्क सांगत. न्यूटनने कायद्याची पुस्तके वाचलेली होती. त्यांच्या हातात बंदुकाही असत, कारण त्या काळी कॅलिफोर्नियात उघडपणे बंदूक बाळगणे कायदेशीर होते. जगाला बंदूक दिसली, कायद्याचे पुस्तक दिसले नाही. १९६७ मध्ये राज्याने मलफर्ड कायदा करून तो हक्कच काढून घेतला. त्याच वर्षी न्यूटनची गाडी थांबवली असता झालेल्या चकमकीत एक पोलीस मरण पावला. न्यूटनला शिक्षा झाली आणि १९७० मध्ये ती रद्द झाली. बंदुकीचा रस्ता कुठे जातो, हेही या इतिहासात आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही.

याच पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली. १९७३ च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतील ब्लॅक पँथरचा उल्लेख आहे. आपण नाव घेतले, आक्रमकता घेतली. पण रस्त्यावर उभे राहून पोलिसाच्या प्रत्येक कृतीवर लक्ष ठेवण्याची ती पहिली शिस्त आपल्याकडे किती रुजली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

कारण आणि निमित्त

१९९६ साली रेन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की वाहतुकीचा नियम मोडलेला असेल, तर पोलिसाच्या मनात खरा हेतू काय होता हे झडतीच्या कायद्याखाली तपासले जाणार नाही. वंशभेदाची तक्रार असेल तर समान संरक्षणाच्या कलमाखाली वेगळी दाद मागा. म्हणजे सिग्नल न देता वळणे हे निमित्त आणि संशय रंगावरून, तरी थांबवणे वैध.

या खटल्यातील माणसांकडे अमली पदार्थ सापडले होते, हे खरे. पण त्यामुळेच तो खटला झाला, हे विसरू नका. ज्यांची गाडी थांबवली, झडती घेतली, काहीच सापडले नाही आणि 'जा' म्हणून सोडून दिले, ते न्यायालयात येतच नाहीत. म्हणून न्यायाधीशांसमोर कायम गुन्हेगारच उभा असतो आणि पोलिसाचा संशय कायम खराच ठरलेला असतो. निर्दोषांचा अपमान कोणत्याच फायलीत नसतो.

अपवाद म्हणून एक माणूस न्यायालयात आला. मे १९९२ मध्ये रॉबर्ट विल्किन्स हे काळे वकील आजोबांच्या अंत्यविधीहून कुटुंबासह परतत होते. मेरीलँडमध्ये त्यांची गाडी थांबवली गेली. झडतीला त्यांनी नकार दिला, कायदा सांगितला. तरी कुत्रा मागवून गाडी हुंगवली. काही सापडले नाही. विल्किन्स यांनी दावा लावला आणि १९९५ च्या तडजोडीत राज्याच्या पोलिसांना झडत्यांची नोंद ठेवणे भाग पडले. त्या नोंदींतून काय निघाले? त्या महामार्गावर काळे चालक शंभरात सुमारे १७. झडती झालेल्यांत ते शंभरात ७० हून अधिक. विल्किन्स पुढे संघीय न्यायाधीश झाले. पण त्या रात्री त्यांच्या उपयोगी त्यांची पदवी पडली नाही. उपयोगी पडली ती नंतरची नोंद.

आकड्यांनी काय उघड केले

१९९८ मध्ये न्यू जर्सीच्या टर्नपाइक महामार्गावर पोलिसांनी चार तरुणांच्या व्हॅनवर ११ गोळ्या झाडल्या. तिघे जखमी झाले. तीन काळे, एक लॅटिनो, निघाले होते बास्केटबॉलच्या शिबिराला. पुढच्याच वर्षी राज्याच्या ॲटर्नी जनरलनी मान्य केले की वंश पाहून वाहने थांबवली जातात, ही समस्या खरी आहे. ही कबुली सहज आलेली नाही. त्याआधी अनेक वर्षे वकील आणि संख्याशास्त्रज्ञ महामार्गावरच्या गाड्या मोजत होते.

फर्ग्युसन शहराची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१४ मध्ये तिथे मायकल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मेल्यावर केंद्रीय न्याय विभागाने चौकशी केली. मार्च २०१५ च्या अहवालातले आकडे पाहा. लोकसंख्येत काळे ६७ टक्के, थांबवलेल्या वाहनांत ८५ टक्के, दंडाच्या पावत्यांत ९० टक्के, अटकेत ९३ टक्के. काळ्या चालकांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त वेळा आणि तरीही त्यांच्याकडे बेकायदा वस्तू सापडण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी! शिवाय नगरपालिकेच्या एका वर्षाच्या सुमारे १३२ लाख डॉलरच्या अंदाजित महसुलात ३० लाख डॉलरहून अधिक दंडातून येणार होते. पावती फाडणे हा तिथे शहर चालवण्याचा धंदाच झालेला होता.

मोठ्या प्रमाणावरचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. जवळजवळ दहा कोटी वाहन तपासण्या त्यांनी तपासल्या. त्यांची युक्ती साधी होती. अंधार पडल्यावर चालकाचा रंग दुरून दिसत नाही. मग अंधारात थांबवलेल्यांतले काळ्यांचे प्रमाण बदलते का? बदलते, ते कमी होते. रंग दिसेनासा झाला की संशयही कमी होतो. यापुढे आणखी काय सिद्ध करायचे राहते?

आणि जिथे नोंद नव्हती तिथे काय झाले असते, याचे उदाहरण पुन्हा दक्षिण कॅरोलिनातच आहे. ४ एप्रिल २०१५ रोजी नॉर्थ चार्ल्सटनमध्ये ब्रेकलाइट बंद असल्याच्या कारणावरून वॉल्टर स्कॉट यांची गाडी थांबवली गेली. ते पळाले. पोलिसाने पाठीत गोळ्या घातल्या आणि जिवाला धोका होता असे सांगितले. एका वाटसरूच्या मोबाईलमधील चित्रफितीने ते खोटे ठरवले आणि त्या पोलिसाला २० वर्षांची शिक्षा झाली. १७०४ चा कायदा आणि २०१५ ची गोळी एकाच भूमीतली. फरक एवढाच की आता पाहणाऱ्याच्या हातात कॅमेरा होता.

कॅमेरा असला की न्याय मिळतोच, असेही नाही. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या शाळेच्या स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्याला अशाच तपासणीत गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधीच्या आयुष्यात त्यांना किमान ४६ वेळा थांबवले गेले होते. पोलीस २०१७ मध्ये निर्दोष सुटला. पण ते ४६ वेळा थांबवणे आज जगाला माहीत आहे, कारण ते नोंदलेले होते.

पोलीस आपलाच असेल तर?

आपल्याकडे नेहमी म्हटले जाते की आपली मुले पोलिसात भरती झाली की प्रश्न सुटेल. भरती झालीच पाहिजे, तो आपला संवैधानिक हक्क आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिस शहरात टायर निकोल्स या काळ्या तरुणाला वाहन तपासणीनंतर मरेपर्यंत मारले गेले, तेव्हा आरोपी असलेले पाचही पोलीस काळे होते. वर्दीचा अधिकार बेलगाम असेल तर वर्दीच्या आतला माणूस कुणाचा आहे, याने फारसा फरक पडत नाही. बाबासाहेबांनी माणसांच्या सद्बुद्धीवर भिस्त न ठेवता संविधानात हमी मागितल्या, त्या याचसाठी.

आपल्याकडे रंग नाही, आडनाव आहे

आता कुणी म्हणेल, भारतात कातडीवरून जात कळत नाही, मग हा इतिहास आपल्याला कशाला? उत्तर लायसनवर छापलेले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वर्दीतल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन दाखवावे लागते आणि लायसनवर आडनाव असते. ज्या वस्त्यांमध्ये मी काम करतो तिथली मुले सांगतात, "सर, लायसन हातात घेईपर्यंत साहेब 'तुम्ही' म्हणतो, वाचल्यावर 'तू' म्हणतो." निळा झेंडा किंवा 'जय भीम' लिहिलेली दुचाकी असेल तर लायसनपर्यंतही जावे लागत नाही.

म्हणजे अमेरिकेत भेदभाव मुख्यतः थांबवण्याच्या क्षणी दिसतो, तर आपल्याकडे तो थांबवल्यानंतर सुरू होतो. कुणाला समज देऊन सोडले, कुणाची पावती फाडली, कुणाकडून चिरीमिरी घेतली, कुणाची गाडी जप्त केली, कुणाला चौकीत बसवून ठेवले. ई-चलानमध्ये वाहनाचा क्रमांक, गुन्हा आणि दंड असतो. सोडून दिलेल्याची नोंद नसते, अपमानाची तर नसतेच. त्यामुळे आपली तक्रार कायम 'तुमचा समज' ठरते.

इथे एक सावधगिरी हवी. नोंद नेहमी शोषिताच्या बाजूची नसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी संपूर्ण जमातींची नोंदवही केली. हजेरी द्यायची, ठरलेल्या हद्दीबाहेर जायचे तर पास घ्यायचा. कॅरोलिनातली चिठ्ठी आणि हा पास यांत फरक काय? १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण भटक्या-विमुक्तांकडे पाहण्याची पोलिसी नजर त्या नोंदवहीतच अडकून पडली आहे. म्हणून आपली मागणी जमातींची नोंद ठेवा अशी नाही. आपली मागणी पोलिसाच्या कृतीची नोंद ठेवा अशी आहे. एक नोंदवही नागरिकाला संशयित करते, दुसरी सत्तेला उत्तरदायी करते. या दोहोंत गल्लत होता कामा नये.

मग करायचे काय?

नाकाबंदीत थांबवलेल्या प्रत्येक वाहनाची नोंद हवी: पोलिसाचे नाव, वेळ, ठिकाण, कारण, झडती झाली का, निष्पत्ती काय. सोडून दिले तरी चालकाला त्याची प्रत मिळावी. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे की अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचे आदेश दिले आहेत. ही प्राधिकरणे आपल्या कार्यकर्त्यांनी वापरली पाहिजेत. मेमो, तारीख, नाव, साक्षीदार यांसह लेखी तक्रार करा. तोंडी संताप दुसऱ्या दिवशी विरून जातो, तारीख असलेला कागद मागे राहतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने आणि व्हर्जिनिया राज्याने किरकोळ दोषांसाठी गाडी थांबवण्यावरच मर्यादा घातल्या आहेत. हेही कुणाच्या दयेने झाले नाही. त्यामागे आकड्यांचा भक्कम आधार होता.

१९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील काळ्यांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न यांतील साम्य त्यांनी त्यात मांडले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठवलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. हे ड्यू बॉइस कोण? १८९९ मध्ये फिलाडेल्फियातील काळ्या वस्तीचा घरोघर फिरून केलेला अभ्यास प्रसिद्ध करणारे समाजशास्त्रज्ञ. आणि बाबासाहेब कोण? १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे तर्काने आणि पुराव्याने आपल्या समाजाची बाजू मांडणारे अर्थशास्त्रज्ञ. दोघांनीही अन्यायाबद्दल आक्रोश केला, पण आक्रोशावर ते थांबले नाहीत. दोघांनी मोजले.

आपल्या वस्तीतल्या मुलाला पुढच्या नाक्यावर कुणी अडवले, तर त्याच्या खिशात लायसनसोबत एक पेन आणि छोटी वही असू द्या. त्या वहीत पोलिसाचे नाव आणि वेळ लिहिली गेली, तर समोरच्याचा 'तू' पुन्हा 'तुम्ही' होण्याची शक्यता नक्कीच वाढेल.

जय भीम!